स्वभाव बदलतो का? ‘मुसार’ साधनेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला राग फार लवकर येतो. पुस्तके वाचली, प्रवचने ऐकली. त्या त्या वेळी सारे पटते, पण घरात कोणी उलट बोलले की त्यातले काहीही आठवत नाही. ज्यू धर्मात स्वभाव सुधारण्यासाठी ‘मुसार’ नावाची शिस्तबद्ध साधना आहे, असे वाचनात आले. ती नेमकी काय आहे, आणि ज्यू नसलेल्या माणसाला तिचा उपयोग होईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : पटते पण वेळेला आठवत नाही, ही जी अडचण आपण लिहिली आहे, तिच्यातूनच ही साधना चळवळ म्हणून उभी राहिली. सदाचरणावरचे ग्रंथ ज्यू परंपरेत फार पूर्वीपासून होते. अकराव्या शतकात स्पेनमध्ये बाह्या इब्न पाकुदा यांनी अंतःकरणाच्या कर्तव्यांवर लिहिले, आणि मोशे हाईम लुत्सातो यांचा ‘मेसिल्लत येशारीम’ (सरळ माणसांची वाट) हा ग्रंथ १७४० मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. एकोणिसाव्या शतकात लिथुआनियातील रब्बी यिस्राएल सालान्तर (मृत्यू १८८३) यांच्या लक्षात आले, की हे ग्रंथ घरात असूनही माणसे बदलत नाहीत. हात धुण्याचा विधी केल्याशिवाय जेवणाला न शिवणारी माणसे परनिंदेचे पाप, जे धर्मशास्त्राच्या दृष्टीने कितीतरी मोठे, सहज करून जातात, हे निरीक्षण त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

याचे कारण त्यांनी असे दिले, की माणसाच्या मनात उजेडातल्या शक्तींखेरीज काळोखातल्याही शक्ती असतात. त्या एरवी झोपलेल्या असतात, पण कसोटीच्या क्षणी त्याच उसळून येतात आणि बुद्धीला बाजूला सारतात. मनोविश्लेषणाचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी मांडलेला हा विचार आहे. त्यामुळे केवळ बुद्धीला पटवून भागत नाही. खाली जिथे राग राहतो, तिथपर्यंत पटलेले वाक्य पोहोचवावे लागते. यासाठी त्यांनी सांगितलेली पद्धत म्हणजे एकच वचन मोठ्याने, सुरात, मन हेलावेल अशा आर्ततेने पुन्हा पुन्हा म्हणणे. या पठणासाठी त्यांच्या प्रेरणेने स्वतंत्र ‘मुसार-गृहे’ निघाली, जिथे व्यापारी आणि कारागीरही दिवसातला काही वेळ येऊन बसत.

साधनेचे टप्पे दोन आहेत. पहिल्यात वृत्ती तशीच राहते, पण माणूस तिला आवरायला शिकतो. दुसऱ्यात ती वृत्तीच पालटते. पहिला टप्पा हलका समजू नये. राग आला आणि शब्द बाहेर पडला नाही, एवढे जमले तरी घरातल्या माणसांच्या दृष्टीने पुष्कळ झाले.

आपल्याला मी सुरुवातीला सालान्तर यांच्याही आधी होऊन गेलेले ज्यू तत्त्वज्ञ व धर्मशास्त्री मायमोनिडीस (मृत्यू १२०४) यांच्याकडे पाठवीन. बहुतेक गुणांच्या बाबतीत त्यांनी मध्यममार्ग सांगितला. मात्र राग आणि गर्व यांच्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत दूर जावे, असा त्यांचा आग्रह आहे. सवयीविषयीही त्यांनी एक मार्मिक विचार मांडला आहे : हजार नाणी एकाच गरजूला एकदम देण्यापेक्षा हजार वेळा एकेक नाणे देणे श्रेयस्कर, कारण पहिल्या प्रकारात औदार्य एकदाच जागे होते आणि दुसऱ्यात हाताला देण्याची सवय लागते. तेव्हा ‘आजपासून रागावणार नाही’ असा संकल्प न करता, दिवसातून एकदा, ज्या गोष्टीवर आपण हमखास चिडता अशा एकाच छोट्या गोष्टीला हळू आवाजात उत्तर द्यावे. ते अंगवळणी पडेपर्यंत दुसरी गोष्ट हाती घेऊ नये.

ज्यू नसलेल्याने हे करावे का? पठण, सराव आणि आत्मपरीक्षण कोणालाही करता येते. मात्र सालान्तर यांच्या दृष्टीने स्वभाव सुधारणे ही मनःशांतीची युक्ती नसून ईश्वराच्या आज्ञेचे पालन होते, आणि त्यांची पद्धत उचलताना आपण तिला तिच्या मुळापासून थोडे वेगळे करत आहोत, याची जाणीव ठेवणे मला आवश्यक वाटते. आपल्या श्रद्धेत तिला दुसरे मूळ मिळाले, तर ती टिकेल.

प्रश्न : या साधनेत वही ठेवतात म्हणे. तिच्यात काय लिहायचे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : वहीची पद्धत साटानोवचे मेनाहेम मेंडेल लेफिन यांच्या १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेश्बोन हानेफेश’ (आत्म्याचा हिशेब) या ग्रंथातून आली. तिचा आराखडा अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांचा होता, आणि पुढे सालान्तर यांनी हा ग्रंथ पुन्हा छापवून घेतला. तेरा गुण निवडायचे, प्रत्येक गुणाला एक आठवडा द्यायचा आणि तेरा आठवडे संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अशी वर्षात चार आवर्तने होतात. लेफिन यांच्या यादीत मनाचे स्थैर्य, सहनशीलता, नीटनेटकेपणा, नम्रता, काटकसर, मौन, सत्य असे गुण आहेत. रात्री त्या आठवड्याच्या गुणापुढे चुकलेल्या प्रसंगांची खूण करावी. प्रसंग लिहिलाच, तर घडले तेवढेच लिहावे. समोरच्याचे काय चुकले हे लिहू लागलो, की ती वही दुसऱ्याच कोणाच्या हिशेबाची होते.

प्रश्न : सतत स्वतःच्या गुणदोषांकडे पाहणारा माणूस आत्ममग्न होणार नाही का? — एक वाचक, पुणे

उत्तर : हा धोका खरा आहे. सालान्तर यांच्या शिष्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. केल्म येथील विद्यापीठात शांतता आणि नेमकेपणावर भर होता, तर स्लाबोदका येथे नातान त्स्वी फिंकल विद्यार्थ्यांना माणसाच्या थोरवीची आठवण करून देत. नोवारदोक येथील पंथ सर्वांत कठोर होता. लोकांच्या हसण्याची भीती जावी म्हणून तेथील विद्यार्थी औषधांच्या दुकानात जाऊन खिळे मागत. त्या तरुणांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे, तरीही गृहस्थाश्रमी माणसाने त्या वाटेला जाऊ नये असेच मी सांगेन, कारण ज्या दुकानदाराचा वेळ आपण घेतो, तो आपल्या साधनेत सहभागी झालेला नसतो.

खुद्द सालान्तर यांच्याविषयी सांगितली जाणारी एक हकिकत इथे फार उपयोगी आहे. एका घरी जेवणापूर्वी हात धुताना त्यांनी अगदी थोडे पाणी वापरले. इतक्या धर्मनिष्ठ माणसाने असे का करावे, असे विचारल्यावर ते म्हणाले, की पाणी लांबून मोलकरीण वाहून आणते, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून पुण्य कमावण्याचा अधिकार मला नाही. १८४८ मध्ये विल्ना शहरात पटकीची साथ आली, तेव्हाही त्यांनी शिष्यांना रुग्णांच्या शुश्रूषेला जुंपले होते. आपली साधना आत्ममग्न होते आहे का, हे तपासायचे असेल तर वहीतल्या खुणा मोजू नका; आपल्यामुळे घरात कोणाचे काम वाढले आणि कोणाचे हलके झाले, ते पाहा.

लिथुआनियातील या विद्यापीठांचा १९४१ पासून नाझींच्या हत्याकांडात विध्वंस झाला. वाचलेल्या शिष्यांनी ही परंपरा इस्राएल आणि अमेरिकेत नेली.

प्रश्न : आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजात ही साधना होती का? आणि ज्याची क्षमा मागायची तो माणूस हयात नसेल, तर ज्यू परंपरा काय सांगते? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : मुसार ही पूर्व युरोपातील चळवळ आहे; बेने इस्राएलांची परंपरा तिच्याहून जुनी आणि स्वतंत्र आहे. मात्र ज्या पायावर मुसार उभी आहे, तो प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे योम किप्पूर, दोघांचा समान आहे. कोकणात हा दिवस पांढरी वस्त्रे नेसून, उपवास करून, घराची दारे लावून पाळला जात असे.

मिश्ना या प्राचीन संहितेत स्पष्ट म्हटले आहे, की माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरनेही धुतला जात नाही; आधी त्या माणसाची समजूत घालावी लागते. मायमोनिडीस यांनी त्याचा तपशील दिला आहे. एकदा जाऊन क्षमा मिळाली नाही, तर तीन मित्रांना घेऊन पुन्हा जावे, असे तीन वेळा करावे. अपराध गुरूविरुद्ध केलेला असेल, तर हजार वेळाही जावे लागते. ज्याच्याकडे क्षमा मागितली जाते त्यानेही निष्ठुर होऊ नये, हेही ते बजावतात.

तो माणूस मरण पावला असेल, तर दहा जणांना सोबत घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि ईश्वराचा व या माणसाचा मी अमुक अपराध केला, असे त्यांच्यासमोर बोलावे. त्याचे पैसे देणे असतील तर ते वारसांना द्यावेत, आणि वारस ठाऊक नसतील तर रक्कम न्यायसभेत ठेवून तिथे कबुली द्यावी.