वाचकांचे प्रश्न : हेडलाइटचं ऑटो लेव्हलिंग बिघडलं तर

प्रश्न : माझ्या जुन्या सेडानला झेनॉन हेडलाइट आहेत. पावसाळा संपता संपता डॅशबोर्डवर लेव्हलिंगचा (गाडीतल्या वजनाप्रमाणे झोत आपोआप वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला आणि दोन्ही झोत एकदम खाली गेले. डिपरवर घाटात काहीच दिसत नाही. गॅरेजवाले मॉड्यूल, म्हणजे ही यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदला म्हणतात. बदलू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात नको. दोन्ही झोत एकाच वेळी, सारखेच खाली गेले आहेत. झोत हलवणाऱ्या दोन्ही दिव्यांतल्या मोटरी एकदम जाणं दुर्मीळ. मागचा भाग किती दबलाय हे सांगणाऱ्या सेन्सरकडून पटण्यासारखा सिग्नल आला नाही, की बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल मुद्दाम झोत खाली नेऊन ठेवतं, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. तुमचं मॉड्यूल बहुधा शाबूत आहे.

हा सेन्सर मागच्या चाकाजवळ, बॉडीला बसवलेला असतो. त्याच्या छोट्या आर्मला एक बारीक लिंक रॉड जोडलेला असतो आणि रॉडचं दुसरं टोक सस्पेन्शनच्या आर्मवर किंवा ॲक्सल बीमवर. झेनॉनच्या अनेक गाड्यांत असाच दुसरा सेन्सर पुढेही असतो. कोकणातला पाऊस आणि चिखल थेट या रॉडवर उडतो. दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट गंजून अडकतात, मग रॉड तरी तुटतो नाहीतर सेन्सरचा आर्म वाकतो. म्हणून स्कॅनरच्या (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राच्या) आधी टॉर्च घेऊन गाडीखाली बघा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

रॉड धड असेल तर त्याचं एक टोक काढून आर्म हाताने हळूहळू फिरवा. तो कुठेही न अडकता फिरला पाहिजे. मग मल्टिमीटर घ्या. कनेक्टर काढून, इग्निशन चालू ठेवून सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. कनेक्टर परत जोडून सिग्नलच्या वायरला मागून प्रोब लावा. ॲनालॉग सेन्सरमध्ये आर्म फिरवताना आकडा साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान सलग सरकतो. मध्येच उडी मारली किंवा एकाच आकड्यावर थिजला तर सेन्सर गेला. ५ व्होल्टच नसतील तर पुढच्या सेन्सरचा कनेक्टर काढून पुन्हा मोजा. काही गाड्यांत सप्लाय सामाईक असतो आणि एकाचा शॉर्ट दुसऱ्यालाही झोपवतो. तरीही नसतील तर फ्यूज आणि वायरिंग तपासा. पिनांवर हिरवा थर आणि उंदरांनी कुरतडलेली वायर, पावसाळ्यानंतर या दोन्ही गोष्टी हमखास सापडतात.

स्कॅनरचा कोड दिशा दाखवतो, एवढंच. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या झेनॉन गाड्यांत ००७७४ म्हणजे मागचा डावा सेन्सर, ००७७६ म्हणजे पुढचा डावा. पण रॉड तुटून आर्म लोंबत असला तरी सिग्नल मर्यादेत राहू शकतो, मग कोड येतच नाही.

प्रश्न : फक्त उजवा झोत खाली आहे, डावा ठीक आहे. सेन्सर बदलावा लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. सेन्सरच्या सिग्नलवरून मॉड्यूल दोन्ही दिव्यांना मिळून एकच हुकूम देतं. दोष उजव्या दिव्यातच आहे. गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर चालू करा. बऱ्याच गाड्यांत झोत सुरुवातीला एकदा खाली-वर होऊन स्थिरावतो. उजव्या मोटरचा आवाज येतो पण झोत हलत नाही, तर मोटरच्या दांड्याचा बॉल रिफ्लेक्टरच्या प्लॅस्टिक खोबणीतून निसटलाय. आवाजच नाही, तर आधी कनेक्टर आणि सप्लाय, मग मोटर. कधी ठोकर लागलेली असेल तर दिव्याचा कान, म्हणजे तो बॉडीला धरून ठेवणारा खुंटाही बघा. तो तुटला की अख्खा दिवा झुकतो आणि लोक लेव्हलिंगला दोष देत बसतात. झेनॉन असेल तर दिवा चालू असताना मागे हात घालू नका. पेटताना तिथे वीस हजार व्होल्टच्या वर दाब येतो.

प्रश्न : मागे जाड स्प्रिंग टाकल्यापासून समोरचे लोक सारखे अप्पर-डिपर मारतात. लिंक रॉड थोडा वाकवून जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाकवू नका. आर्म त्याच्या मधल्या टप्प्यातून सरकला, तर मोठ्या खड्ड्यात तो उलटा फिरून अडकतो. उंची बरीच बदलली असेल तर लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लावा आणि त्यानंतर कॅलिब्रेशन करा, म्हणजे मॉड्यूलला नवी मूळ उंची शिकवा. नुसते स्क्रू फिरवणं पुरेसं नाही.

कॅलिब्रेशनच्या वेळी टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा, डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या सीटवर साधारण ७५ किलोचा माणूस, जमीन सपाट. टाकी किती भरलेली हवी ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. गाडी दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे स्प्रिंग बसतील. स्कॅनरने बेसिक सेटिंग (हेच कॅलिब्रेशन) सुरू केलं की मोटरी मूळ जागी जातात; तेव्हाच स्क्रूने झोत लावायचा आणि मगच सेव्ह करायचं. हा क्रम उलटा झाला तर आधीचीच चूक मॉड्यूलमध्ये पक्की होते. किती खाली लावायचा ते दिव्यावरच्या लेबलवर टक्क्यांत असतं: १ टक्का म्हणजे १० मीटरवरच्या भिंतीवर झोताची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली.

शेवटी इग्निशन आणि डिपर चालू ठेवून दोन जणांना डिकीत बसवा. भिंतीवरची कड आधी वर चढेल आणि काही सेकंदांत जवळपास जुन्या खुणेवर परत यायला हवी. काही गाड्यांना यासाठी इंजिनही चालू लागतं.