वाचकांचे प्रश्न : डाखाऊची शालेय भेट

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. नववीतल्या मुलीला शाळेतून डाखाऊ छळछावणीच्या स्मारकाला नेणार आहेत. हे वय फार लहान नाही का? – एक वाचक, म्युनिक

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे, तथापि ही भेट म्हणजे सहल नव्हे. बव्हेरियातील (म्युनिक ज्या राज्यात आहे तेथील) गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठीय शिक्षणाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, नाझी राजवटीचा इतिहास नववीतच शिकवला जातो आणि स्मारकभेट हा त्याच अभ्यासाचा भाग असतो. चांगला शिक्षक गॅस चेंबरपासून आरंभ करीत नाही. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंच्या दुकानांवर घातलेला बहिष्कार, त्याच महिन्यात सरकारी नोकऱ्यांतून झालेली त्यांची हकालपट्टी, ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावणारे १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे आणि नोव्हेंबर १९३८ मधील सिनेगॉगची (ज्यूंच्या प्रार्थनागृहांची) जाळपोळ हा क्रम तो आधी उलगडतो, कारण सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या कायदे, शिक्के आणि रेल्वेची वेळापत्रके यांच्या आधारे टप्प्याटप्प्याने कशी शक्य झाली, हे त्याशिवाय कळत नाही.

एक भेद मुलीला आधीच सांगावा. डाखाऊ मार्च १९३३ मध्ये प्रामुख्याने राजकीय विरोधकांसाठी उघडली गेली. तेथे हजारो कैदी मेले, परंतु ज्यूंच्या सामूहिक संहारासाठी उभारलेली ट्रेब्लिंका, सोबिबोरसारखी केंद्रे व्याप्त पोलंडमध्ये होती. (मोठ्यांचाही येथे गोंधळ होतो.)

मुलांना कैदी किंवा पहारेकरी बनवून नाट्य करवून घेण्याचा बेत मात्र असेल, तर शिक्षकांकडे अवश्य हरकत नोंदवावी. तिला परतल्यावर लगेच बोलते करू नये. ती विचारील तेव्हा टाळूही नये.