‘लाल’ शब्दातली एक व्यंजनजोडी आणि ‘आगपाण्या’चा चकवा

कॅनडा आणि अमेरिकेतल्या क्री, ओजिब्वे, मेनॉमिनी, ब्लॅकफूट, मिकमॅक अशा भाषांचं मिळून अल्गॉन्क्वियन भाषाकुल होतं. त्याविषयी आलेल्या चार प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न: मराठीचा माग काढायला प्राकृत-संस्कृत ग्रंथ आहेत. जिथे जुनं लिखाणच नाही, तिथे ‘मूळ भाषा’ ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज नाही का?

उत्तर: नाही, कारण अशी मांडलेली मूळ रूपं पुढच्या पुराव्याने चुकीची ठरवता येतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफिल्ड यांनी १९२५ मध्ये मेस्क्वाकी, ओजिब्वे, मैदानी क्री आणि मेनॉमिनी या चार भाषांतले एकाच अर्थाचे शब्द शेजारी शेजारी मांडले आणि ‘क’ला जोडून काय येतं ते पाहिलं. एका गटात याच क्रमाने श्क, श्क, स्क, स्क असा नमुना निघतो. दुसऱ्यात ह्क, क्क, ह्क, ह्क. ‘लाल’ या अर्थाचा शब्द मात्र मेस्क्वाकीत मेश्क-, ओजिब्वेत मिस्क-, क्रीत मिह्क-, मेनॉमिनीत मेह्क- असा सुरू होतो, म्हणजे श्क, स्क, ह्क, ह्क. हा नमुना दुसऱ्या कुठल्याच गटात बसेना. अपवाद म्हणून तो सोडून देणं सोपं होतं. ब्लूमफिल्ड यांनी मूळ भाषेत इथे एक वेगळीच जोडी मानली. पुढे स्वॅम्पी क्री बोलीतलं रूप हाती आलं, मिह्त्कुसिव, ‘तो लाल आहे’. नेमक्या त्याच जागी ह्त्क, म्हणजे खरोखरच वेगळी जोडी! १९२८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पाणिनीचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, आणि मेनॉमिनीचं व्याकरण लिहितानाही क्रमाने लागणारे नियम त्यांनी वापरले, हे आपल्या वाचकांना आवडेल.

पण याच पद्धतीत एक मोठा चकवा आहे. ओजिब्वेत व्हिस्कीला ‘इश्कोदेवाबू’ म्हणतात. इश्कोदे म्हणजे आग, -आबू म्हणजे पातळ पदार्थ. इतर भाषांतही असेच शब्द आहेत आणि ध्वनी नियमाने जुळतात, म्हणून ब्लूमफिल्ड यांच्या १९४६ च्या लेखात व्हिस्की आणि बंदूक यांचीही ‘मूळ’ रूपं आली. या दोन्ही वस्तू तर युरोपीय लोकांबरोबर आल्या! झालं असं की प्रत्येक भाषेने आपापल्या आग आणि पाण्याच्या शब्दांतून तो शब्द जुळवला. घटक वारशाने आलेले, म्हणून जुळणीही बिनचूक. मराठी आणि गुजराती दोन्हींत ‘आगगाडी’ आहे, म्हणून काही त्यांच्या पूर्वज भाषेत रेल्वे होती असं होत नाही. तेव्हा जोडशब्द दिसला की आधी फोडून बघावा. तुकडे आजच्या भाषेत सुटे वापरात असतील तर तो शब्द अलीकडेही जुळवलेला असू शकतो, आणि असा शब्द पुराव्यात धरू नये.

प्रश्न: ओजिब्वेत दगड सजीव असतो असं वाचलं. ते लोक दगडात जीव मानतात का?

उत्तर: व्याकरण आणि श्रद्धा वेगवेगळ्या तपासाव्यात. या भाषांत नामांचे सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग असतात. वर्ग अर्थावरून ठरवू नका, अनेकवचन आणि क्रियापद बघा. असिन (दगड) याचं अनेकवचन असिनीग, शेवटी ग, म्हणून सजीव. मीन (ब्लूबेरी) याचं मीनन, शेवटी न, म्हणून निर्जीव. रास्पबेरी, मिस्कोमिन, मात्र सजीव. ‘मला दगड दिसतो’ यात नि-वाबमा येतं, ‘मला ब्लूबेरी दिसते’ यात नि-वाबंदान. क्रियापदाचा धातूच बदलतो.

म्हणून सगळं यांत्रिकच, असंही नाही. मानववंशशास्त्रज्ञ हॅलोवेल यांनी मॅनिटोबातल्या बेरेन्स नदीकाठच्या एका वृद्धाला विचारलं, इथले सगळे दगड जिवंत आहेत का? बराच विचार करून तो म्हणाला, नाही, पण काही आहेत. व्याकरणात सगळे दगड सजीव, अनुभवात फक्त काही. आमच्या मते हा फरक जपणारं लिखाणच विश्वासाचं.

मराठी वाचकाला एक गोष्ट इथे आयती कळते. ओजिब्वेत ‘आम्ही’ म्हणजे नीनविंद आणि ‘आपण’ म्हणजे गीनविंद. ‘आपण’मधला ग हा ‘तू’चा ग आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी तक्ता पाठ करावा लागतो.

प्रश्न: क्री लिपी देवनागरीवरून घेतली आहे का?

उत्तर: अक्षरं घेतलेली नाहीत. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये आजच्या मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस इथे ती प्रसारात आणली, आणि देवनागरीची कल्पना व पिटमनचं लघुलेखन यांचा तिच्यावर प्रभाव असल्याचं अभ्यासक सांगतात. क्री मौखिक परंपरेत मात्र हिचं श्रेय मिस्तानास्कोवेव या क्री माणसाला दिलं जातं. रचना अशी: नऊ आकार, प्रत्येक चार दिशांना. ‘प’चं चिन्ह इंग्रजी व्हीसारखं. टोक खाली असेल तर पे, वर असेल तर पि, उजवीकडे पो, डावीकडे प. आपण मात्रा जोडतो, तिथे अक्षरच फिरतं. दीर्घ स्वराला वर टिंब लागतं, पण रोजच्या लिखाणात ते बहुधा गाळतात. त्यामुळे एकच लिखित रूप दोन शब्दांचं असू शकतं.

प्रश्न: घरबसल्या सुरुवात कुठून करावी?

उत्तर: मिनेसोटा विद्यापीठाच्या ऑनलाइन ओजिब्वे कोशापासून. शब्दांचे उच्चार तिथे ऐकायला मिळतात. मजकुरातला शब्द कोशात सापडला नाही तर आधी पुढचा नि- किंवा गि- काढा, मग शेवटी गळालेला ऱ्हस्व स्वर परत लावा. ‘मी गातो’ म्हणजे निनगम, पण कोशातली नोंद आहे नगमो, ‘तो गातो’. रोमन लिपीतला दुहेरी स्वर दीर्घ वाचायचा, एकेरी e मात्र नेहमीच दीर्घ ए.

आणि गोष्टी वाचायला घ्याल तेव्हा दोन शब्द वेगळे ठेवा. दिबाजिमोविन म्हणजे घडलेली हकिगत, व्याकरणात निर्जीव. आदिझूकान म्हणजे पवित्र कथा, व्याकरणात सजीव, आणि ती परंपरेने जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात.