सोळा तास म्हणजे किती?

मुंबईहून न्यूझीलंडमधलं ऑकलंड किती लांब, विमानात किती तास जातात आणि आई-वडील नाशिकला असताना निघावं का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचे नियम सरकारी साइटवर आहेत, ते मी सांगत बसत नाही. (आमच्या हिचं लग्नात नाव बदललेलं. माहेरची आणि सासरची बाई एकच, हे पटवण्यात चार महिने गेले. असो.)

सरळ रेषेत अंतर साधारण १२,३०० किलोमीटर. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच, तिथून गेलात तरी जेमतेम तीसेक किलोमीटर वाढतात. मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, पुढे दहा, मिळून जवळजवळ सोळा. परतताना वारा समोरून, म्हणून दहाचे अकरा धरा.

हेच सोळा तास मी निघताना आईला सांगितले होते. "म्हणजे एका दिवसात येशील," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

खरा हिशेब असा. विमान रात्री साडेअकराचं, पण नाशिकला पंचवटीतल्या घरून दुपारी तीनलाच निघायचं. कसारा घाटात एखादा कंटेनर आडवा झाला किंवा भिवंडीला अडकलात, तर तिकीट गेलंच. स्वस्त तिकीट घेतलंत तर सिंगापुरात दिवसभर बसून राहायचं. शुक्रवारी निघालात की ऑकलंडला उतरता रविवारी दुपारी. घरापासून साडेसदतीस तास. वर कस्टम्सची रांग. चिवडा, मसाले, सगळं फॉर्मवर लिहा. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध नेऊच नका.

मुलांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. इथलं शाळेचं वर्ष जानेवारीअखेर-फेब्रुवारीत सुरू होतं. आम्ही जूनमध्ये पोचलो, लेक वर्षाच्या मध्यात वर्गात शिरली. बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली पोर, तिला इंग्रजीच्या जादा तासाला बसवलं. का, तर उच्चार कळत नाहीत. मी भांडायला हवं होतं. नवीन होतो, गप्प बसलो. त्यानंतर ती शाळेच्या फाटकापाशी माझ्याशी मराठी बोलायची बंद झाली, ते अजून सलतं.

एकटेपणा? पहिला हिवाळा जड जातो. मग कामं असतात.

गेल्या वर्षी आई मोरीत घसरली, खुबा मोडला. भावाचा फोन आला तेव्हा इथे पहाट होती. दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं, मी पोचलो तिसऱ्या दिवशी. ऑपरेशन होऊन गेलं होतं. औषधाच्या गुंगीत ती म्हणाली, "आलास? एका दिवसात आलास की." मी मान हलवली. भाऊ खिडकीशी उभा होता, तीन रात्रींचा जागा. तो काही बोलला नाही.

तुम्हाला भाऊ-बहीण आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.