केसपेपरवरच्या एका ओळीविषयी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. इन्सुलिन सुरू करण्यास तीन वेळा नकार देणाऱ्या त्या गृहस्थांविषयी तू कळकळीने लिहिले आहेस, आणि पत्राच्या शेवटी ओघात हेही कळवले आहेस की त्यांच्या केसपेपरवर तू ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’ अशी नोंद केली. त्यांची भाषा वेगळी आहे, धर्म वेगळा आहे, म्हणून त्यांच्या समाजाविषयी काही वाचायला सुचवा, अशी तुझी विनंती आहे. वाचनाकडे मी येतोच; पण आधी त्या ओळीविषयी लिहिणे मला जास्त निकडीचे वाटते. त्या चार शब्दांत तुझा निष्कर्ष आहे, त्यांचे म्हणणे मात्र कुठेच नाही. केसपेपर या टेबलावरून त्या टेबलावर जात राहतो, आणि पुढचा डॉक्टर त्या गृहस्थांना भेटण्याआधी तुझ्या ओळीला भेटतो.

आता वाचनाविषयी. १९५०च्या दशकात मॅडेलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिका भावनिक व वर्तनविषयक अडचणी असलेल्या मुलांची शुश्रूषा करीत होत्या. निरनिराळ्या संस्कृतींतून आलेली मुले सारख्याच शुश्रूषेला सारखा प्रतिसाद देत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले; आपल्या शिक्षणात याचे उत्तर नाही हे उमगल्यावर त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे आंतरसांस्कृतिक परिचर्या ही परिचर्येची (नर्सिंगची) एक नवी शाखाच उभी केली. या साऱ्याचा उगम एका बाईंच्या निरीक्षणात होता. पुढे पाठ्यपुस्तकांत मात्र त्याचे अनेकदा तक्ते झाले: अमुक समाजाचे लोक वेदना बोलून दाखवत नाहीत, तमुक समाजात निर्णय घरातला वडीलधारा घेतो. असा तक्ता पाठ केलेला डॉक्टर कण्हणाऱ्या माणसाला ‘यांच्यात असेच असते’ म्हणून वेदनाशामक द्यायला उशीर करतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मेलनी टर्व्हेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोघी अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ साली ‘सांस्कृतिक विनम्रता’ ही कल्पना मांडली, ती मला अधिक पटते, कारण परक्या संस्कृतीत आपण कधीतरी पारंगत होऊ, ही आशाच ती सोडायला लावते आणि स्वतःची गृहीतके आयुष्यभर तपासत राहायला सांगते. म्हणून वाच, अवश्य वाच; मात्र वाचनातून काय विचारावे तेवढेच घे. उत्तर समोरच्या माणसाकडूनच आले पाहिजे, कारण एकाच धर्माची, एकाच घरातली दोन भावंडेही आजाराकडे सारख्या नजरेने पाहत नाहीत.

विचारायचे काय, याचा उत्तम नमुना अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दिला, आणि मला त्याहून उपयोगाचे दुसरे काही आजवर सापडलेले नाही. हा त्रास कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते? तो नेमका तेव्हाच का सुरू झाला असेल? या आजाराने तुमच्या आयुष्यात कोणती अडचण आणली? कोणते उपचार व्हावेत असे तुम्हाला वाटते? आणि, माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न: तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? हे प्रश्न अर्जातल्या रकान्यांसारखे एकापाठोपाठ एक विचारू नकोस. एक विचार, पेन खाली ठेव, आणि गप्प राहा. पहिले उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही, डॉक्टर’ असेच येते. त्यानंतरही तू बसून राहिलीस, तर दुसरे येते.

इन्सुलिनबाबत मी ऐकलेली दुसरी उत्तरे तुला सांगतो. एका गृहस्थांच्या थोरल्या भावाला इन्सुलिन सुरू झाले आणि वर्षभरात त्याचा पाय कापावा लागला. त्यांच्या लेखी पाय इन्सुलिननेच नेला होता. एक बाई दिवसभर दुसऱ्यांच्या घरी कामाला जात; सुया आणि बाटली तिथे कुणाला दिसली तर काम जाईल, ही त्यांची धास्ती होती. एकांना धर्माने सांगितलेले उपवास सोडायचे नव्हते आणि उपवासात साखर एकदम खाली जाईल असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. ती भीती रास्तच होती, आणि उपवासाचे दिवस आधी कळले तर औषधाचे प्रमाण व वेळा बदलण्याचा, किंवा धोका फार असल्यास तसे स्पष्ट सांगण्याचा मार्ग आपल्याकडे असतोच. आणखी एकांना ते औषध कोणत्या प्राण्यापासून करतात, एवढेच हवे होते. पूर्वी इन्सुलिन डुक्कर आणि गाय यांच्या स्वादुपिंडापासून मिळवत. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध आहे, हे मी सांगितले आणि त्यांनी त्याच दिवशी सुई कशी टोचायची ते शिकून घेतले. रक्त गोठू न देणारे हेपरिन हे औषध आजही डुकराच्या आतड्यापासून तयार होते, कॅप्सूलचे जिलेटिन प्राण्यांपासून येते. ज्याला हे महत्त्वाचे आहे त्याला ते आपणहून सांगणे हा संमतीचाच भाग आहे. तुझ्या गृहस्थांचे कारण यांपैकी एखादे असेल किंवा एकही नसेल. मी अंदाज करणार नाही, तूही करू नकोस.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. साठीच्या एका आजी अकरा-बारा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. मला त्यांची भाषा येत नव्हती, मुलाला दोन्ही येत होत्या, आणि दुभाष्याला बोलावण्यात वेळ गेला असता. मी विचारले, त्याने विचारले. आजींनी त्याच्याकडे पाहिले, पदराचे टोक बोटाला गुंडाळले, आणि दोनच शब्द बोलल्या. ‘पोटात दुखतं म्हणते,’ तो म्हणाला. मी पोटदुखीची गोळी दिली. तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा प्रशिक्षित दुभाषी बाई होत्या. नातवाला बाहेर बसवले आणि पहिल्याच मिनिटात कळले की पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या या बाईंना कित्येक महिने रक्तस्राव होत होता. ते नातवाच्या तोंडून सांगणे त्यांना शक्य नव्हते, आणि ते मला दिसायला हवे होते. बोटाला गुंडाळलेला तो पदर मी पाहिला होता, वाचला नव्हता.

१९८० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एका १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. स्पॅनिश बोलणाऱ्या घरच्यांनी ‘इन्टॉक्सिकादो’ हा शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, एवढाच त्यांचा अर्थ होता. डॉक्टरांनी त्याचा अर्थ अमली पदार्थांची नशा असा लावला आणि मेंदूतला रक्तस्राव दोन दिवस कुणाच्या लक्षात आला नाही. मुलाचे दोन्ही हात व दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. म्हणून ओळखीचा वाटणारा शब्द आला की जास्त सावध हो. दुभाषी बरोबर असेल तेव्हा रुग्णाकडे बघून, रुग्णाशीच बोल. ‘त्यांना विचारा’ असे म्हणू नकोस. वाक्ये लहान ठेव. आणि शेवटी ‘समजले का?’ असे विचारू नकोस, कारण त्याला सर्व भाषांत मान हलवूनच उत्तर मिळते. त्याऐवजी म्हण, ‘मी नीट सांगितले की नाही ते मला तपासायचे आहे; घरी गेल्यावर हे औषध कसे घ्याल ते मला सांगाल का?’

नकाराच्या मागे कधी इतिहासही असतो. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ पासून अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यांतील ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले गेले नाही, आणि पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार झाल्यावरही तो दिला गेला नाही. १९७२ साली वृत्तपत्रांतून वाचा फुटली तेव्हा हे थांबले. अशा आठवणी घरांतून पुढच्या पिढीकडे जातात, आणि त्या उराशी धरून आलेल्या माणसाच्या संशयाला आपण अज्ञान म्हणावे, हे मला अन्यायाचे वाटते. आपली उपकरणेही सर्वांना सारखी वागवत नाहीत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घे: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, आकडा ठीक दाखवत असूनही रक्तात प्राणवायू कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. गडद त्वचेच्या रुग्णाला धाप लागली असेल तर आकड्यावर विसंबू नकोस. जीभ आणि ओठांची आतली बाजू बघ, शंका असेल तर धमनीतले रक्त तपास.

बाहेर चाळीस माणसांची रांग असताना हे कसे जमायचे, असे तू विचारशील. सगळे प्रश्न दर वेळी जमत नाहीत, मलाही जमले नाहीत. पण तीनदा समजावून सांगण्यात तुझा जो वेळ गेला, त्यात एकदा विचारून झाले असते.

ते गृहस्थ पुढच्या आठवड्यात येणार आहेत असे तू लिहिले आहेस. दुभाष्याला आजच सांगून ठेव आणि त्यांना शेवटची वेळ दे, म्हणजे मागे रांग नसेल. त्यांच्या मुलाला यायचे असेल तर येऊ दे, पण आत यावे की नाही हे त्यांनाच विचार. इन्सुलिनचा विषय तू काढू नकोस. भीती कशाची वाटते, एवढेच विचार. ती जुनी ओळ खोडू नकोस. तिच्याखाली तारीख घाल आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिही. मग मलाही कळव.

तुझा,
सर