ओढ लागली की रीळ बंद

प्रश्न : छोट्या बोटीवर मासेमारीचं १२ व्होल्टचं इलेक्ट्रिक रीळ इंजिनाच्याच बॅटरीवर, सिगारेट-लायटरच्या सॉकेटमधून चालवतो. मोठा मासा लागला की डिस्प्ले विझतो. बॅटरी तर नवी आहे. मग बिघाड कुठे?

उत्तर : बहुधा वायरमध्ये. ओढ वाढली की मोटर २० अँपिअरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त करंट खेचते. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर १० मीटर होते. २.५ चौरस मिमीच्या तारेत २० अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो, ६ चौरस मिमीत साधारण ०.६. रिळाला व्होल्ट कमी पडले की डिस्प्ले विझतो. लायटरचं सॉकेट तर एवढ्या करंटासाठी नसतंच. ते तापतं, वितळतंही.

कल्हई केलेली ६ चौरस मिमीची तांब्याची तार बॅटरीपासून थेट ओढा. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनललगत, एका वितीच्या आत बसवा. किती अँपिअरचा, ते रिळाच्या पुस्तिकेत पाहा. टोकाला चिमट्यांऐवजी बोल्टने आवळायच्या रिंगा लावा. चिमटे खाऱ्या हवेत हिरवे पडतात, आणि घाईत उलटे लागले तर रिळाचं सर्किट जळू शकतं.

रिळाला वेगळी बॅटरी द्याच. नाहीतर परतताना इंजिनच सुरू होणार नाही. सरासरी ८ अँपिअरने मोटर एकूण ३ तास फिरली तर २४ अँपिअर-तास लागतात. त्याला लिथियम आयर्न फॉस्फेटची ४० पुरते, लेड-अ‍ॅसिड मात्र किमान ५० ची हवी. लिथियम घेताना तिचं बीएमएस (जास्त करंट खेचला की बॅटरी तोडणारं आतलं सर्किट) सलग किती अँपिअर देतं ते विचारा. तिथे काटकसर झाली, तर चांगल्या तारेवरही डिस्प्ले असाच विझेल.