रात्रीची होडी, होडीवरचे दिवे

प्रश्न : हतनूर धरणाच्या पाण्यात रात्री जाळी लावतो. होडीवर ५० वॉटचा फ्लडलाइट बसवला, तरी पुढचं दिसत नाही. आणखी मोठा घ्यावा का? (वरणगाव)

उत्तर : भाऊ, मोठा आहे म्हणूनच दिसत नाही. होडीच्या काठांवर पडलेला उजेड उलटून तुमच्याच डोळ्यांत येतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एका झोतात ते सगळं वाया जातं. दहा वॉटचा दिवा होडीच्या अगदी पुढच्या टोकावर, स्वतःची होडी उजळणार नाही असा बसवा. बटण हाताशी ठेवा आणि गरजेपुरताच लावा. मासे सोडवायला डोक्याला बांधायची, मंद लाल उजेडाची बॅटरी घ्या. आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले असतील, त्या रात्री पाण्यात उतरूच नका. तिथं कुठलाच दिवा कामाचा नाही.

प्रश्न : १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी रात्रभर पुरेल? (सारंगखेडा)

उत्तर : बारा गुणिले वीस, २४० वॉट-अवर. आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती १२०. बारा वॉटचे दिवे दहा तास चालतील, पन्नास वॉटचा अडीच तासही नाही. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा. वायरचे जोड नुसत्या टेपने गुंडाळू नका, आत ओल शिरते.

प्रश्न : आमची होडी वल्ह्याची. तिला दिवा कशाला? (प्रकाशा)

उत्तर : तुम्हालाच आधी हवा. इंजिनाची होडी अंगावर येते तेव्हा तुम्हाला ती ऐकू येते, पण तिच्यावरच्या माणसाला तुम्ही दिसत नसता. डोक्यापेक्षा उंच काठीवर, चहूबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा बांधा. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही वल्ह्याच्या होडीने निदान पांढऱ्या उजेडाची बॅटरी (टॉर्च) हाताशी ठेवावी आणि टक्कर टाळण्याइतकी वेळेवर दाखवावी, असं आहे. शोभेला लाल-हिरवे दिवे लावू नका. लाल म्हणजे होडीची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. भलतीकडे लावले तर समोरचा फसतो.

प्रश्न : पाण्यात हिरवा दिवा सोडला की मासे जमतात म्हणे? (चाळीसगाव)

उत्तर : उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासळी आणि तिच्यामागे मोठी. पण गढूळ पाण्यात उजेड लांब जात नाही आणि मृगळ तर तळाशी चरणारा. माझं मत विचाराल तर सोडू नका, कारण जाळ्यात पिल्लंच जास्त येतील. समुद्रात एलईडी लावून मासे धरायला केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. तुमच्या धरणाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल, तिला आधी विचारा.